नवऱ्याच्या वाटणीचं पाकीट

मुलांनो, तुमची आजी इंग्रजी शिकवायची, म्हणून भोरच्या आमच्या आळीत डॉक्टरांची चिठ्ठी वाचून देण्याचं काम अजून माझ्याकडे आहे.

उत्रोलीहून माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई एकदा अशीच चिठ्ठी आणि गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आली. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. दवाखान्यात सासू शेजारी बसलेली, त्यामुळे डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते लाजेनं तिच्या कानात शिरलंच नव्हतं. चिठ्ठीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं: क्लॅमिडिया. शरीरसंबंधातून होणारा, सर्रास आढळणारा संसर्ग. पुष्कळांना काही जाणवतही नाही. गोळ्यांनी बरा होतो, पण एक पाकीट तिचं, एक नवऱ्याचं. अंगावर काढला तर गर्भनलिका बंद होऊ शकतात.

मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आतून जरा सूज आहे. गोळ्या सगळ्या संपव."

वर्गात मी वर्षानुवर्षं सारांशलेखन शिकवलं, त्यातला हा माझा नमुना.

तिनं आपलं पाकीट संपवलं आणि मग नवऱ्याचंही. तीन महिन्यांनी तपासलं, तर संसर्ग आहेच. चिठ्ठी कुणी वाचली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर तिनं अभिमानानं माझं नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा दोन पाकिटं दिली आणि तिला माझ्याकडे धाडलं.

"बाई, नळ्या बंद झाल्या तर मला पोर न्हाई व्हायचं," ती म्हणाली. "आता समदं सांगा."

सगळं सांगितलं. नवऱ्यालाही बोलावलं. तो कापूरहोळला टेम्पो चालवतो.

"मला काय बी होत न्हाई. म्या कशाला गोळी खाऊ?"

"तिला तरी कुठं काय होत होतं?" मी विचारलं.

"मंग हे घरात आणलं कुणी?"

स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "ते मागनं बघू. आदी गोळी गिळा."

सात दिवस तो सकाळ-संध्याकाळ माझ्या ओट्यावर येऊन गोळी घ्यायचा, ती आत आपली घ्यायची. तेवढे दिवस दोघांनी लांब राहायचं होतं, म्हणून ती माझ्याकडे झोपली. सासूला मी माझे गुडघे दुखत असल्याचं कळवलं. खरं बोलताना अडखळलेली मी, हे मात्र सहज बोलून गेले. सासूबाईंनी मालिशला तेल पाठवलं.

पुढच्या तपासणीचा कागद घेऊन दोघं आली. "वाचा," ती म्हणाली, "पर काय बी गाळू नका."

मी आजाराच्या नावासकट मोठ्यानं वाचलं. संसर्ग नव्हता. तिनं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.