सरळ झोपा, हलू नका

आमच्या खोलीत दोन गोष्टी साठतात: पेशंटनी विसरलेल्या सेफ्टी पिना आणि किस्से. पिनांसाठी निदान डबी आहे.

गंगापूर रोडवरच्या एका तपासणी सेंटरमध्ये मी हाडांची घनता मोजायचं मशीन चालवते. पेशंटने टेबलावर उताणं झोपायचं, वरून मशीनचा हात सावकाश फिरतो आणि कमरेचे चार मणके किती भरीव आहेत ते आकड्यांत कळतं. पोकळ निघाले तर नुसती बादली उचलतानाही मणका खचू शकतो, पडायची गरज नसते. मी दिवसभर दोनच वाक्यं बोलते: "सरळ झोपा" आणि "हलू नका". लग्नाला पाच महिने झाले, सासरी तर तेवढंही बोलत नाही. त्यामुळे सासूबाईंना, म्हणजे आईंना, "तुमचीही एकदा तपासणी करून घेऊ या" एवढं म्हणायला मला दोन महिने लागले.

"माझ्या हाडांना काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या आणि वीस लिटरचा पाण्याचा जार उचलून ओट्यावर ठेवला. माझ्याच पाठीतून कळ गेली.

तेव्हापासून मी जेवताना त्यांना पेशंटचे किस्से सांगायला लागले. थेट सांगता येत नाही ते असं थोडं थोडं वाढायचं.

* * *

ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले एक काका बायकोला घेऊन आले. काकू टेबलावर झोपल्या आणि काका मशीनभोवती फिरायला लागले. हात हलवून पाहिला, खाली वाकून पाहिलं. हे रोज तपासता का, कशावर तपासता, नोंद कुठे आहे? रोज सकाळी मशीन तपासायला आमच्याकडे प्लास्टिकचा खोटा मणका असतो, तो दाखवला. वही दाखवली. काकांनी चष्मा बदलून पंधरा दिवसांच्या नोंदी वाचल्या आणि म्हणाले, "ठीक आहे. घ्या हिला."

काकू टेबलावरून म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा पाच मिनिटांत हो म्हणाले होते."

आईंना हा किस्सा फार आवडला. तपासणीचा विषय काही निघाला नाही.

* * *

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार. कमरेचे मणके नीट दिसावेत म्हणून पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा ठेवून गुडघे वाकवावे लागतात. यांचे गुडघे वाकेनात. टाचा जुळलेल्या, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, नजर छताला. सैल सोडा, काका. पाय ढिले करा, काका. छे. शेवटी मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "विश्राम!"

सुभेदारांचे पाय तत्काळ सुटले. रिसेप्शनवरच्या वाघताई सांगतात, बाहेर बसलेल्या दोघांचेही सुटले.

* * *

येवल्याकडच्या दोन जावा एकत्र आल्या होत्या. कांद्याची कामं उरकली, म्हणून मोकळ्या. आमच्या रिपोर्टवर कमजोर हाडांचा आकडा उणे येतो, आणि उणे जितकं जास्त तितकं हाड कच्चं. हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीचा उणे तीन, धाकटीचा उणे दीड.

थोरली म्हणाली, "माझे तीन हायेत. तुझा तर दोन बी नाय."

धाकटी हिरमुसली. आमच्या डॉक्टर सरांनी दोघींना आत बोलावून समजावलं, की तीन म्हणजे मणका मोडायची भीती जास्त, आजपासून गोण्या उचलणं बंद.  थोरलीने रिपोर्टची नीट घडी घातली आणि धाकटीकडे वळली.

"बघ, घरात राबतं कोण, ते आता कागदावर आलंय."

* * *

फॉर्मवर आम्ही तरुणपणीची उंची विचारतो. चार-पाच सेंटिमीटर कमी झाली असेल, तर एखादा मणका गुपचूप खचलेला असू शकतो. पण तरुणपणी उंची मोजलीय कुणी? एक आजी म्हणाल्या, लग्नाच्या फोटोत मी ह्यांच्या कानापर्यंत होते, आजही आहे, म्हणजे कमी झाली नाही. आजोबांना शेजारी उभं केलं. खरंच, कानापर्यंत.

सरांनी आजोबांचीही तपासणी लिहून दिली. दोघं जोडीनं खचले होते!

हा किस्सा मी मुद्दाम सांगितला. कारण आईंच्या साड्या हल्ली जमिनीवर लोळतात. मी पाहत होते, त्या कमरेला जास्तीची घडी खोचत होत्या. आई पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "आणि हल्ली साड्यांचा पन्हा बघ किती वाढवलाय मेल्यांनी."

पाच महिन्यांच्या सुनेने सासूला "तुम्ही बुटक्या झालात" कसं सांगायचं, हे कुठल्याच कोर्सला शिकवत नाहीत.

* * *

मागच्या महिन्यात आईंच्या माहेरी, येवल्याला लग्न होतं. त्यांनी स्वतःच्या लग्नातली पैठणी काढली. मी गुडघ्यावर बसून निऱ्या सारख्या करत होते. काठ चार बोटं जमिनीवर.

ही साडी तेहतीस वर्षांपूर्वी हातमागावर विणलेली. तिचा पन्हा आता वाढवणार कोण? आईंनी आरशात पाहिलं, मग खाली काठाकडे, मग माझ्याकडे. मी पिना तोंडात धरल्या होत्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. आईंनी जास्तीची घडी खोचली आणि म्हणाल्या, "चल, उशीर होतोय."

* * *

त्या लग्नानंतरच्या सोमवारी वाघताईंनी अकरा नंबरचा पेशंट आत पाठवला. आई! माझ्यामागून रिक्षाने आल्या होत्या, ओळख न सांगता रांगेत बसल्या होत्या. मी "सरळ झोपा" म्हटलं, त्या झोपल्या. "हलू नका" म्हटलं, हलल्या नाहीत. घरात माझं इतकं कुणी ऐकलेलं नाही.

सरांनी दोघींना स्क्रीनसमोर बसवलं. तीन मणक्यांचे आकडे वाईट होते. चौथ्याचा मात्र बरा, जवळजवळ तरुण बाईसारखा. आईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हा एक तरी चांगला आहे ना?"

"तोच मोडलाय," सर म्हणाले. "चेपून घट्ट झालाय, म्हणून मशीनला भरीव दिसतो. बाजूने फोटो घेतला तेव्हा कळलं." मग त्यांनी औषध सांगितलं, जार बंद केला, वाकून उचलणं बंद केलं.

आईंनी पुन्हा त्याच मणक्यावर बोट ठेवलं.

"दुखला असेल ना तो?"

"दुखला असणार. तुम्ही लक्ष दिलं नसेल."

आईंनी मान हलवली. मग खुर्ची वळवली आणि सरांच्या देखत मला विचारलं, "तुझं काय दुखतं गं?"

मी म्हटलं, "चहा. तुम्ही फार गोड करता."

"एवढंच?"

"नाही," मी म्हटलं आणि स्टूल जवळ ओढलं.