घाटाखालचा वाफा

शेवाळाचा एक स्वभाव आहे. आज काढावं, उद्या पुन्हा हजर! आमच्या घाटावरच्या किश्शांचंही तसंच. एक सांगून मोकळा होतो न होतो, तोच दुसरा वर तरंगतो.

सगळी नोकरी सरकारी कारकुनीत काढून मी नांदेडात गंगेतलं शेवाळ काढणाऱ्या मंडळींत शिरलो. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.) मला पोहता येतं म्हणून घेतलं नव्हतं, अर्ज लिहिता येतो म्हणून घेतलं होतं. आमच्या म्होरक्या कांबळे मॅडम, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांचा बेत साधा होता. शेवाळ काढून ऊन तळापर्यंत जाऊ द्यायचं आणि पूर्वी इथंच वाढणारं पाणगवत पुन्हा लावायचं. गवत रुजलं की पाणी निवळतं.

परवानगी मिळाली, एका हंगामाची. सरकारी पत्राची शेवटची ओळ मी आधी वाचतो. ती अशी होती : ‘हंगामाअखेर गवत जागेवर न आढळल्यास मशीनने तळ खरवडून घाटाचे सुशोभीकरण करण्यात येईल.’ खरवडलेल्या तळावर पुढं काही उगवत नाही. मॅडम ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरायच्या.

*

पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून दाताळ्यानं शेवाळ ओढत होतो. पायरीवरून एक गृहस्थ बराच वेळ बघत होते.

“काय हरवलं हो?”

मॅडमनी मान वर न करता सांगितलं, “नदी.”

“सापडली की सांगा,” असं म्हणून गृहस्थांनी निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पाण्यात टाकली आणि गेले!

*

लावायला गवत कुठून आणायचं? मॅडमकडं त्याचं चित्र होतं, पण गवत नव्हतं. त्यांनी ते चित्र घाटावरच्या गंगाराममामाला दाखवलं. मामा पिढीजात भोई.

“हे व्हय? उमरीकडच्या डोहात लई हाय. जाळ्यात अडकतं मेलं! आम्ही शिव्या देऊन उपटून फेकून राहिलो, अन् तुमी फोटू घेऊन फिरून राहिल्या?”

“मामा, यापुढं शिव्या द्या, पण उपटू नका.”

“जाळं फाटल्यावर सांगा मला हे,” मामा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी डोहाकडं आमच्या पुढं तोच चालत होता.

*

ओल्या पोत्यात गवत बांधून आम्ही उमरीहून एसटीत बसलो, आणि भर उन्हात एसटी बंद पडली. पोतं वाळायला लागलं. गवत वाळलं म्हणजे मेलं. आमच्या बाटल्या ओतून संपल्या. मॅडम सारखा पोत्यात हात घालून बघत होत्या.

शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “आजारी हाय का कुणी आत?”

“हाव,” मामानं होकारार्थी मान हलवली.

म्हातारीनं मुकाट्यानं आपली बाटली पोत्यावर रिकामी केली. वर दटावलंही, “तोंड तर उघडं ठिवा की त्याचं!”

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. गवताचा वाफा लावून झाला. मुळं गोणपाटात गुंडाळून, दगड बांधून तळाशी बसवली. मग एका रविवारी मदतीला कॉलेजची पोरं येणार होती. त्यांच्यासाठी मी सुवाच्य अक्षरात सूचनापत्र काढलं : ‘पाण्यात जे जे हिरवे दिसेल ते ते काढावे.’ कारकुनी भाषा, पळवाट ठेवली नाही! पोरांनी अंमलबजावणीही तशीच केली. मी चहा घेऊन येईपर्यंत अर्धा वाफा काठावर पडला होता.

मॅडम ढिगाशी बसून एकेक मूळ चाचपायला लागल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माफी मागता येईना, म्हणून मी खिशातला पेन काढून शुद्धिपत्रक लिहायला बसलो.

मामानं माझ्या हातातून कागद ओढला. “बाबू, लिवणं बास. पाण्यात या!”

जन्मात पहिल्यांदा मी गंगेत छातीपर्यंत उतरलो. ढिगातून ओली मुळं वेचून दिवस मावळेपर्यंत वाफा पुन्हा लावला. किती जगेल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

*

हंगामाअखेर पाहणीला साहेब आले. मागोमाग मशीनही आलं. आदल्या दिवशी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलेलं, त्यामुळं गंगा चहासारखी गढूळ. वीतभर खालचंही दिसेना.

“कुठंय गवत?”

“खाली आहे,” मॅडम म्हणाल्या.

“खाली आहे असं मी कसं लिहू? दाखवा.”

दाखवायचं तर उपटावं लागणार. मॅडमनी पर्स घट्ट धरली. ड्रायव्हरनं मशीन चालू केलं.

तेवढ्यात मामा कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्यानं जाळं फेकलं. थोडं थांबून ओढायला लागला. जाळं येईना.

“अडकलं!” मामा ओरडला. इतक्या आनंदानं ओरडलेला भोई मी पाहिला नाही.

“दगडाला अडकलं असेल,” साहेब म्हणाले.

मामानं जाळ्याची वरची कड हळूच उचलली. पाण्याबाहेर आलेल्या आसांत, म्हणजे जाळ्याच्या घरांत, फितीसारखी लांब हिरवी पाती गुंतली होती. एक नाही, पुष्कळ.

साहेब दोन पायऱ्या खाली उतरले. “अरे, मग ओढ की पूर्ण! नीट बघू दे.”

मामानं त्यांच्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. कमरेची सुरी काढली आणि जाळंच कापायला लागला. एकेक आस कापून पाती सोडवली, ती पाण्यात परत गेली. जाळ्याचा तळाकडचा भाग तिथंच राहिला. हातात उरली नुसती झालर.

मग साहेबांनी हातानंच मशीनला माघारी जायला सांगितलं. मी फाइल पुढं केली, पेन दिला.

साहेब शेऱ्याच्या रकान्याशी अडले. “काय लिहू?”

पाण्यातून मामा म्हणाला, “लिवा साहेब, जाळं गेलं.”