बारा ते दोनचा पहारा

आमच्या गावात दोघांचं बोलणं बंद झालं तर कोणी फार मनावर घेत नसे. म्हणत, "राहू द्या, चैत लागू द्या. वामनरावची यादी निघाली का बोलतीन मुकाट्यानं."

यादी म्हणजे विण्याच्या पहाऱ्यांची. हनुमान जयंतीच्या आधी आमच्या मारुतीच्या देवळात सात दिवस सप्ताह बसतो. अमडापूरच्या बाजारातून शेंगदाणे-गूळ येतो, मांडव पडतो आणि त्या सात दिवसांत विणा काही खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचा पहारा. घेणारा आधी देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो, मग विणा गळ्यात घालून घेतो. त्यावर देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. लहान-मोठा पाहायचं नाही. नमस्कार विण्याला असतो म्हणतात, पण डोकं टेकतं ते माणसाच्याच पायावर.

वामनरावांनी नेमकं हेच हेरलं होतं. तीस वर्षं यादी त्यांच्या हातची. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फोडलेले चुलतभाऊ असोत की लग्न मोडलेले व्याही, एकाचा पहारा आठ ते दहा, दुसऱ्याचा दहा ते बारा. लोक कुरकुरत, "हे म्हातारं मुद्दाम करून राह्यलं बे." पण विण्याला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पाया पडून झालं की दोघं जण एकमेकांकडं न पाहता तंबाखूची डबी पुढं करत. तेवढ्यानं काम व्हायचं.

फक्त एका माणसाच्या शेजारी वामनरावांनी स्वतःचं नाव कधी लिहिलं नाही. नीळकंठ. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

अकरा वर्षांमागं नीळकंठनं रानडुकरांसाठी हरभऱ्याभोवती तार लावली आणि तिच्यात खांबावरचा करंट सोडला. सकाळी बंद करायचा राहिला. वामनरावांचा एकुलता मुलगा प्रेम काकाच्या धुऱ्यावरून आपल्या वावरात निघाला आणि करंट लागून तिथंच राहिला. लोक धावले तेव्हा तार तिथं नव्हती. केस झाली, नीळकंठ सहा महिने आत राहिला, पण तारच सापडली नाही म्हणून सुटला. त्यानं गुन्हा कबूल केला नाही, नाकारलाही नाही. देवळात यायचं तेवढं सोडलं.

शेजारच्या सिंधूताईनं एकदा देवळातच टोमणा हाणला होता, "वामनभाऊ, गावाले पायावर घालता. तुमच्या घरची यादी कोण लिहीन?" वामनरावांनी कागदाची घडी घालून टोपीखाली ठेवली.

गेल्या साली त्यांचे गुडघे पार गेले. ही आपली शेवटची यादी, हे त्यांनी ओळखलं. सहाव्या दिवसासाठी लिहिलं : दहा ते बारा, वामनराव. बारा ते दोन, नीळकंठ. कागद खांबाला चिकटवला आणि नीळकंठकडं निरोप धाडला.

घरी त्यांची बायको गोजरबाई भाकरी थापत होती. तिला बातमी शेजारणीकडून कळली होती.

"मले काऊन नाई इचारलं?"

"बाया कुठं असतेत पहाऱ्यात?"

"पोट्टं तं माह्यं बी होतं."

एवढंच झालं. तिला विचारायचं असतं, हे वामनरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीस वर्षांत कोणत्याच बाईला विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले. नीळकंठ आला नाही. भजनातला तरणा पोरगा सागर म्हणाला, "आबा, द्या माह्याजवळ, माहा दोनचा हाये, आत्ताच घेतो." वामनरावांनी नाही म्हणून मान हलवली. विणा सोडला नाही. साडेबाराला नीळकंठ मांडवाच्या तोंडाशी दिसला. धुतलेलं धोतर, खाली पाहत आला. भावाच्या पायावर डोकं ठेवलं. विणा घेतला. आता वामनरावांची पाळी. गुडघे वाकेनात. दोन गड्यांनी काखेत हात घालून त्यांना खाली घेतलं, तेव्हा कुठं कपाळ टेकलं. मांडवातल्या माणसांनी डोळे पुसले. भजनाला जोर चढला. झालं, मिटलं असं सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात गोजरबाई बायांच्या सतरंजीवरून उठली आणि नीळकंठच्या पुढ्यात उभी राहिली.

"विणा गळ्यात हाये तुह्या. खोटं बोलू नको. तू तिथं गेला तवा प्रेम जिता होता का?"

टाळ थांबले. कोणी तरी म्हणालं, "काकू, पहाऱ्यावरच्या माणसाशी बोलत नसतेत."

"मंग कुठं बोलू? अकरा वर्सं रस्ता बदलून राह्यला हा."

नीळकंठची बोटं विण्याच्या तारेवरच थांबली. "हाव वयनी. जिता होता."

"मंग?"

"पाणी मांगलं त्यानं. म्या म्हनलं, देतो बाबू." त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. "पैले तार गोळा केला वयनी. तार लपवून आलो, तं..."

वामनराव खांबाला टेकून ऐकत होते.

गोजरबाई रांजणाकडं गेली. तांब्या भरून आणला. नीळकंठच्या तोंडावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. दोन्ही हात विण्यात गुंतलेले, म्हणून त्यानं तोंड उघडलं. तिचा हात छातीपर्यंत आला, तिथून वर काही जाईना. मग तिनं तांब्या त्याच्या पायाशी ठेवला आणि घरी निघून गेली.

विणा गळ्यात असला की वाकता येत नाही. नीळकंठ दोनपर्यंत उभा राहिला, पायाशी भरलेला तांब्या घेऊन, नाम घेत. दोनला सागरनं विणा घेतला. नीळकंठ त्याच्या पाया पडला, तेव्हा तांब्या कपाळापासून वीतभर होता. त्यानं हात लावला नाही.

संध्याकाळी सागरनं विचारलं, "आबा, मिटलं ना मंग?"

वामनराव म्हणाले, "पोराले पाणी पायजे होतं बे."

ते उठले, तांब्या उचलला आणि लंगडत घरी आले. गोजरबाईनं तांब्यात वाकून पाहिलं.

"पेला नाई त्यानं?"

"नाई."

"उद्या कोणता पहारा हाये त्याचा?"

"नाई. एकच होता."

तिनं तांब्या चुलीपाशी ठेवला. "पुढच्या साली लिहा मंग."

पुढच्या सालची यादी लिहायला वामनराव राहिले नाहीत. दिवाळीनंतर गेले. नीळकंठनं भावाला खांदा दिला, गोजरबाईनं अडवलं नाही, त्याच्याकडं पाहिलंही नाही. यंदा चैतात यादी सागरनं लिहिली. सहाव्या दिवशी, बारा ते दोन, नीळकंठ. गोजरबाईनं सागरला तसं सांगून पाठवलं होतं.