खवीसाचा कबुलीजबाब

ती केस आठवली की अजून माझं डोकं फिरतं. नोकरीत चोरटे पाहिले, दारूवाले पाहिले, बांधावरून कोयते काढणारे सख्खे भाऊ पाहिले. पण मार खाणारा खोटं बोलतोय, मारणारा त्याहून खोटं बोलतोय आणि दोघे मिळून पोलिसाला वेड्यात काढताहेत, असं एकदाच झालं.

मी फार शिकलेला नाही. शिपाई म्हणून लागलो, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहायची सवय स्टेशन डायरीपुरती, तेव्हा जसं झालं तसं लिहितो. नावं कोणाची देत नाही. त्या दोघांची रिंगमधली नावं होती, तीच चालवतो. एक वाघ आणि दुसरा खवीस. खवीस म्हणजे आमच्याकडचं भूत, अंगाने दांडगं.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या ठाण्यात होतो. तिकडच्या आठ-दहा जणांनी टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती सुरू केली होती. लाल माती नाही, लंगोट नाही. रंगीत चड्ड्या, तोंडाला रंग, दोरावर चढून समोरच्याच्या अंगावर उडी. रिंग स्वतः बनवलेली. जुन्या होडीच्या फळ्या, वर काथ्याच्या गाद्या, त्यावर ताडपत्री. दोर ट्रॉलरचे, रबराची नळी चढवलेले. रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव ओरडायचे आणि मोबाईलवर व्हिडिओ टाकायचे. विजयदुर्गापासून माणसं बघायला यायची.

परवानगीचा अर्ज घेऊन खवीसच आला होता. तेव्हा साध्या शर्टात होता, चांगला नम्र पोरगा. मी विचारलं, "कुस्ती खरी की खोटी? रकान्यात काय लिहू?"

तो हसून म्हणाला, "सायबानू, तिकीट काडून बघा."

रविवारी दुपारी तोंडवलीकडच्या एका मैदानावर शो झाला. पाचच्या सुमारास ठाण्यात फोन आला, खवीसाने वाघाला लोखंडी खुर्ची घातली, वाघ रक्तात पडलाय, पब्लिक खवीसाला मारतंय. आम्ही पोहोचलो तर खवीस रिंगखाली लपलेला आणि बायका चपला घेऊन वाट बघतायत. त्याला गाडीत घातला. वाघाला आधीच ग्रामीण रुग्णालयात नेला होता. कपाळाला नऊ टाके.

खेळ ठरवून असतो एवढं मलाही कळतं. पण नऊ टाके ठरवून पडत नाहीत, असं मला वाटायचं.

तक्रार वाघाच्या आईने दिली. आतल्या गावातली शेतकरीण, भात आणि काजूवाली. एकुलता मुलगा. ठाण्यात आली ती पदराला मुलाचं रक्त घेऊनच. म्हणाली, "माझ्या झिलाक ह्या मेल्यान जीव घेवक मारल्यान. लिवा. मी अंगठो देतंय." घातक हत्याराने दुखापतीचा गुन्हा दाखल झाला. तिच्यामागे गाव उभा होता, आणि गावाला खुनाच्या प्रयत्नाचं कलम हवं होतं. साहेबांनी तपास माझ्याकडे दिला.

आता खवीसाची चौकशी ऐका. तोंडाला काळा रंग, डोक्याला चिकटवलेलं एक शिंग. दुसरं मारामारीत पडलेलं. खिडकीला बाहेरून माणसं लटकलेली.

"नाव?"

"खवीस."

"वडिलांचं नाव?"

"काळोख."

"मग काळोखाचं आधार कार्ड आण."

नुसता गुरगुरला. ह्याला गुरगुरायला माझंच टेबल सापडलं. मी उठून खिडकी लावली. बाहेरची तोंडं दिसेनाशी झाल्यावर हे भूत खुर्चीत आखडून बसलं आणि बारीक आवाजात म्हणालं, "सायब, माका वायच पाणी मिळात?"

पाणी प्यायला, आणि न विचारता कबूल झाला. "मीच मारलंय. खुर्चेन मारलंय. लिवून घ्या."

"का मारलंस?"

"दुश्मनी."

"कसली दुश्मनी?"

"जुनी."

"किती जुनी?"

हा बोटं मोजायला लागला! दुश्मनी असलेला माणूस बोटं मोजत नाही, त्याला वर्षच काय, वार पाठ असतो.

ह्या खवीसाचं घर ख्रिश्चन, मावशी गोव्यात. तिच्याकडे राहून तो ही कुस्ती शिकला आणि इथे येऊन बाकीच्यांना शिकवली. जहाजावर किचनमध्ये त्याची नोकरी ठरली होती. पोलीस पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्हा राहिला की नोकरी गेली. ती गेली की वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन लांबलं. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं, मान खाली घातली आणि पुन्हा तेच. मीच मारलंय. पोलिसासमोरचं असलं कबूल करणं कोर्टात टिकत नाही, पण साहेब खूश झाले. म्हणाले, आरोपी कबूल आहे, आता कशाला खोलात जाता?

खोलात जायचं कारण डॉक्टरांचा दाखला. जखम सरळ रेषेत, कडा स्वच्छ, धारदार हत्याराने झालेली. खुर्ची मी हात फिरवून फिरवून पाहिली. घडीची खुर्ची, कडांना रबर. तिने टेंगूळ येईल, कातडी फाटेल, पण कापणार नाही. त्यात खुर्ची एका मंडळाची. त्यांचा सेक्रेटरी रोज दारात. "सायब, परवा लगीन आसा, एक खुर्ची कमी पडता." मी म्हटलं, नवऱ्याला उभा ठेवा.

रुग्णालयात वाघाकडे गेलो.

"खुर्चीने कापलं कसं?"

"खुर्चेक धार होती."

"मी बघितली, नाहीये."

"तेव्हा होती."

घ्या! आई उशाशी बसलेली. ती माझ्यावरच डाफरली, "पोराक ताप आसा आणि तुमी खुर्चेची धार इचारतास?" वाघाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिसऱ्या दिवशी खबर लागली. कोठडीत खवीसाला दोन दिवस बाहेरून डबा येत होता. घरचा म्हणून आम्ही तपासून आत देत होतो. रुग्णालयासमोरच्या खानावळीचा मालक माझ्या ओळखीचा. तो चहा देता देता म्हणाला, "फौजदारानू, डबो घरचो न्हय. माझ्याकडसून जाता. कपाळाक पट्टी बांदललो तो सांगून जाता. बांगडो तळललो घाल म्हणता, तेका सारातलो आवडणा नाय."

मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला तळलेला बांगडा पाठवतो. मी चहा तसाच ठेवून उठलो. ठाण्यात येऊन मुद्देमाल पुन्हा उघडला. रुग्णालयातून वाघाच्या कपड्यांची पिशवी आली होती, ती आम्ही पंचनाम्यात एका ओळीत संपवली होती. त्यात मनगटाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी होती. ती उलगडली तर आत अर्धं ब्लेड. त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, फक्त एक कोपरा उघडा.

आता माझी अक्कल ऐका. मी ठरवलं, वाघच ब्लेड घेऊन खवीसाला मारायला गेला होता, झटापटीत उलटं लागलं. वाघाच्या नावाने उलटा गुन्हा लिहायला मी कागदसुद्धा काढला. जेवायची वेळ झाली म्हणून पोलीस लाईनीतल्या खोलीवर गेलो, नाहीतर लिहून मोकळा झालो असतो.

बायको लाईनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. ती ताट वाढत असताना मी चिडचिड करत सगळं सांगितलं, ब्लेड कसं गुंडाळलंय ते बोटांनी दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या ब्लेडासारखा. शिवण उसवूचा ब्लेड मी असाच गुंडाळतंय."

"म्हणून काय?"

"म्हणून काय म्हणजे? दुसऱ्याक मारूचा असता तर अख्खा घेतल्यान असता. कोपरो एवढोच ठेवतत तो आपला बोट कापू नये आणि जास्त खोल जाव नये म्हणून. ह्या तेना स्वतासाठी केलला. भात घेतास?"

मी भात घेतला नाही. तसाच उठलो. ती मागून ओरडत होती, निदान हात धुवा.

वाघाला घरी सोडायचं होतं, त्याआधी ठाण्यात आणला. खवीसाला कोठडीतून काढून त्याच्यासमोर बसवला. टेबलावर ब्लेडची पुडी ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाघ म्हणाला, "सायब, तेका सोडा. मीच कापलंय."

खवीस उसळला. "गप रवललंस तर काय झाल्ला? चार दिवसांत जामीन होतलो!"

"आणि जहाज? तुझो बापूस पोहत जातलो काय जहाजार?"

"तुका सांगललंय ना मी, ब्लेड नको म्हणून? सांगललंय की नाय?"

भांडले ते तेवढेच, आणि पहिल्यांदा खरंखुरं. पोलिसाने अशा वेळी तोंड उघडू नये.

मग सगळं बाहेर आलं. खुर्ची पाठीवर सपाट मारायची, आवाज मोठा, दुखतं कमी. मार खाणारा पालथा पडतो. मारणारा पब्लिक आणि त्याच्या मध्ये उभा राहून हात नाचवतो. तेवढ्यात खाली पडलेला मनगटातल्या ब्लेडने कपाळावर बारीक रेघ ओढतो. कपाळाचं रक्त घामात मिसळलं की बादलीभर दिसतं. ह्या शहाण्याचा हात घामाने घसरला आणि शीर कापली. आणि नियम असा, की दोन दुश्मनांनी लोकांसमोर एकत्र चहासुद्धा प्यायचा नाही. पुढचा शो कणकवलीत होता, वाघाचा सूड. दोघे दोस्त आहेत कळलं तर कणकवलीत कुत्रंही येणार नाही. गोव्यात ही कुस्ती शिकवणाऱ्या गुरूने खवीसाकडून तसा शब्द घेतला होता आणि खवीसाने वाघाकडून.

मी म्हटलं, "अरे, पण पोलीस म्हणजे पब्लिक आहे का?"

खवीस म्हणाला, "सायब, तुमच्या खिडकेत चाळीस माणसा होती."

"आणि तू रे?" मी वाघाला विचारलं. "हा आत बसला, तू बांगडे पाठवत बसलास? यायचं नाही सांगायला?"

त्याने कपाळाची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "आवशीक कळला मी स्वताच कापून घेतलंय, तर ती कशी जगात? खवीसान मारल्यान म्हटल्यार ती निदान चिडता तरी."

आठ फुटांवरून फळ्यांवर पडणारा माणूस, आणि आईला घाबरतो. मी तिथेच डोक्याला हात लावला. म्हटलं, आई बाहेर बाकावर बसली आहे. तू सांगतोस की मी सांगू?

तिला आत आणून बसवली. त्यानेच सांगितलं. तिच्यासमोर उभा राहून, पुडीकडे बोट दाखवून. बाईने तो ब्लेडचा तुकडा डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग उठली आणि ठाण्यात, ठाणे अंमलदारासमोर, मुलाच्या एक ठेवून दिली. टाके सांभाळून, खाली गालावर. मग खवीसाकडे वळली. त्याने डोळे मिटून गाल पुढे केला.

तिने मारलं नाही. पदर जिभेला लावला आणि त्याच्या कानामागे राहिलेला काळा रंग पुसायला लागली. घासून घासून पुसत होती आणि बोलत होती, "मेल्या, मी गावभर तुझ्या नावान बोटा मोडलंय. देवळात गाऱ्हाणा घातलंय. आता ता गाऱ्हाणा परत कोण घेतलो? तोंड नाय तुका? तोंड नाय?" खवीस तेव्हा रडला. चपला खाताना रडला नव्हता.

तिने पुरवणी जबाब दिला. मी 'क' समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. वाघाला इतकं झापलं की माझाच घसा बसला. पडताळणीच्या कागदावर खरं तेच लिहिलं, शिक्षापात्र काही नाही. खवीस जहाजावर गेला. कणकवलीचा शो झाला नाही, रिंगच्या फळ्या कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला वापरल्या. पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर तीन दिवस वाचले असते. माझेही.

ह्या केसमधून काय शिकलो, असं लोक विचारतात. एक तर कबूल होणाऱ्या माणसाला जास्त तपासावं. नाकारणाऱ्याचं कारण उघड असतं, कबूल होणाऱ्याचं शोधावं लागतं. दुसरं असं, की दुखलं नसताना दुखलंय दाखवणारी माणसं लवकर सापडतात. मला वाटलं, ही विद्या मला आली.

पण मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी माझी बायको गेली. डॉक्टर म्हणाले, दुखणं वर्षभराचं असणार. वर्षभर ती माझ्यासमोर ताट वाढत होती, शिवत होती, उठताना भिंतीला हात लावत होती. मी विचारलं की म्हणायची, "काय नाय, पाय मुंगले." मी जन्मभर माणसांची तोंडं वाचली, आणि तो एक जबाब मी उलटतपासणी न करता जसाच्या तसा लिहून घेतला. लोक म्हणतात, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून लपवलं तिने. असेल. पण वाघाच्या आईने पोराला हाणली तशी एक हाणायला माझ्यासमोर बायको राहिलीच नाही, आणि तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.