बाजेखालची शेगडी
दुधाच्या पावडरीचा डबा उघडला की तो गोडसर वास नाकात शिरतो आणि मी थेट मिठबावच्या त्या बाळंतिणीच्या खोलीत जाऊन पडते. साठ सालच्या सुमाराची गोष्ट. तापाने माझं दूध आटलं, म्हणून यांनी मुंबईहून बोटीने डबा पाठवला होता. पाणी खळखळून उकळलेलंच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मला तर बारशापर्यंत उंबरठा ओलांडायची बंदी. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. सासूबाई दारातून तांब्या पुढे करायच्या आणि तो हाताला नुसता कोमट लागायचा. “आई, ह्या पाणी उकळूक नाय,” मी म्हटलं. “गरम आसा गो! आमी काय पोरां वाढवूक नाय?” बाळ रडून काळंनिळं झालेलं, डबा उशाशी, आणि चूल दोन भिंतींपलीकडे. तेवढ्यात माझ्या पाठीला शेक द्यायला त्यांनी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. त्या वळताच मी ती बाहेर ओढली आणि तांब्या वर चढवला. उकळी फुटली तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. “शेक चुकलो तर जलमभर पाठ धरतली,” एवढंच म्हणाल्या. शेगडी एकच होती. दर खेपेला मी तांब्याच चढवत राहिले. आता आभाळ भरून आलं की मला उठवत नाही. मुलगा तेल चोळताना विचारतो, बाळंतपणात तुला कुणी शेक दिला नव्हता का? दिला होता की, मी म्हणते, पण तो तुझ्या अंगी लागला.