सुगीच्या सणाला सायलेन्सर

“तुम्ही चर्चला दिलात, मी भंगारवाल्याला दिला. झाली फिट्टंफाट,” असं म्हणून दबोरानं कढईतली वाळू इतक्या जोरात ढवळली की चार कण उडून शेजारच्या वरणात पडले.

“फिट्टंफाट कशी? मी दिला तो नवा होता. तू दिलास तो मूळ नमुना होता. इंग्लंडहून आलेला! माझ्या वयाचा!”

“दिसतच होतं. तो माझ्या पिठाच्या डब्यावर कुणी ठेवला होता? चपात्यांना गंजाचा वास येत होता.”

“दुसरीकडं जागा कुठं आहे?”

“हेच मी लग्न झाल्यापासून विचारतेय.”

फेथ कंपनीचा गणवेश घालून दारात उभी होती. रांजणगावची बस चुकत होती, पण हे ऐकल्याशिवाय तिला जाववेना. “पप्पा, कुरिअरवाला शुक्रवारी येणार आहे. त्या इंग्लंडच्या माणसाला मी काय कळवू? सॅम्पल देवाला वाहिला म्हणून?”

“देवाला वाहिला असता तर मागून तरी आणला असता,” योसेफची आई इवाबाई बाजेवरून म्हणाल्या. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होत्या, त्यामुळे दुसऱ्याचं दुखणं त्या नेमकं दाबून बघत. “राहूच्या आनंदरावांनी लिलावात घेतलाय तो. तुझा बाप सणाला भोपळा द्यायचा, योसेफ. भोपळा परत मागायची पाळी आमच्यावर कधी आली नाही.”

भांडण एका सायलेन्सरचं होतं. जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचा, दोन माणसांची, टप नसलेली, रस्त्याला पोट घासत जाणारी गाडी असते तिचा. शिरूरमध्ये असली गाडी कुणाकडं नाही. घोडनदीच्या बाजारपेठेतल्या एका गतिरोधकावरच ती कायमची बसेल. तरी तिचे सायलेन्सर शिरूरमध्ये, योसेफ ओहोळच्या परसात होत होते आणि पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांच्या गाड्यांना लागत होते.

याची सुरुवात पुण्याच्या एका डॉक्टरांनी केली. नगर रोडवर त्यांच्या लाडक्या गाडीचा सायलेन्सर गळून पडला, आणि योसेफ तेव्हा ट्रॅक्टरचे सायलेन्सर जोडायचा. त्यानं दुपारपर्यंत तसाच दुसरा करून दिला. डॉक्टरांनी गाडी चालू केली, डोळे मिटले आणि म्हणाले, “हाच तो आवाज!” योसेफला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी डोळे मिटून दाद दिली होती. त्याच आठवड्यात त्यानं ट्रॅक्टरवाल्यांशी तुटक बोलायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात पाटी रंगवून आणली: ‘ओहोळ एक्झॉस्ट्स इंटरनॅशनल’. खाली बारीक अक्षरात, ‘एम.डी. – योसेफ ओहोळ’. रस्त्याकडं तोंड असलेली भिंत घराला एकच, न्हाणीघराची. पाटी तिथं लागली. आत कुणी अंघोळीला बसलं की ‘इंटरनॅशनल’मधून वाफ येई.

धंदा वाढत होता, हे खरं. म्हणजे घरात वाढत होता. आधी परस गेलं. मग कपडे धुवायचा दगड गेला, त्यावर ऐरण बसली. मग मागची खोली गेली आणि इवाबाईंची बाज पुढच्या खोलीत आली. पलंगाखाली नळ्या, कपाटावर पत्रे, फ्रिजच्या मागं सायलेन्सरच्या पोटात भरायच्या काचलोकरीची पोती. त्या पोत्यांपायी घरातलं प्रत्येक माणूस येताजाता अंग खाजवत असे. योसेफ पाहुण्यांना अभिमानानं सांगे, “जागा पुरत नाही हो आता.” दबोरा ते ऐकून चहा थोडा कमी करी.

शेवटी राहिलं होतं ते स्वयंपाकघर, आणि तेही निम्मंच. कारण वाळू. नळी वाकवायची तर तिच्यात वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर वळणावर नळी चपटते. वाळूत ओल राहिली तर तापवताना आत वाफ कोंडते आणि तोंडाशी ठोकलेलं लाकडी बूच बंदुकीसारखं सुटतं. एकदा असं सुटलेलं बूच इवाबाईंच्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसलं. तेव्हापासून वाळू घरातल्या गॅसवर, मंद आचेवर, दबोराच्या कढईत भाजली जाऊ लागली. ही कढई तिच्या आईची. नाताळच्या करंज्या, चकल्या तिच्यातच व्हायच्या. गेले तीन नाताळ करंज्या कुकरच्या भांड्यात तळल्या गेल्या होत्या आणि तरी दाताखाली कचकच येत होती. “आमच्याकडं सगळं कुरकुरीत असतं,” असं दबोरा पास्टरबाईंना सांगे.

इंग्लंडच्या एका माणसानं जुना सायलेन्सर नमुना म्हणून धाडला आणि त्यावरून एक सॅम्पल करून मागितला, तेव्हा योसेफनं दबोराला शब्द दिला होता. सॅम्पल पसंत पडला की ऑर्डर मोठी, ऑर्डर मोठी की शेड भाड्यानं, शेड मिळाली की स्वयंपाकघर तुझं. “नाताळच्या आत,” तो म्हणाला होता. दबोराचा नवऱ्याच्या शब्दावर विश्वास नव्हता, पण सॅम्पल तिनं डोळ्यांनी बघितला होता. तो खरंच देखणा झाला होता. चकचकीत, दोन तोंडांचा, पोटाशी हलकासा फुगलेला.

आणि तोच योसेफनं सुगीच्या सणाला देऊन टाकला.

सुगीच्या सणाला चर्चमध्ये लोक आपल्या कष्टाचं पहिलं फळ आणतात. ज्वारी, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चच्या कामाला जातात. योसेफ दर वर्षी पाकिटात पैसे घालून द्यायचा. यंदा त्याला वाटलं, उद्योजकानं पाकीट द्यायचं म्हणजे कारकुनासारखं झालं. त्यानं सॅम्पल पुसला, लाल रिबीन बांधली आणि वेदीसमोर दोन भोपळ्यांच्या मध्ये ठेवला. पास्टरांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पण वस्तूचं नाव घेताना ते थोडे अडखळले.

एवढ्यावर भागलं असतं तर एखाद्या भाऊबंदानं तो घेतला असता आणि संध्याकाळी हातावर हात मारून परत दिला असता. योसेफचा बेतही तोच होता. पण किंमत चढावी, आपलं नाव गाजावं म्हणून त्यानं राहूच्या आनंदरावांना खास पाहुणे म्हणून बोलावलं होतं. आनंदराव मोठे बागायतदार. त्यांच्या गुऱ्हाळाचं धुराडं योसेफनं एकदा दुरुस्त केलं होतं. लिलाव कशाचाही असो, आनंदरावांना मागं हटता येत नसे. जत्रेतला मानाचा नारळ असो, देवळाच्या कळसाची दोरी असो, कुणी बोली वाढवली की त्यांचा हात आपोआप वर जाई. चर्चच्या आवारात त्यांनी मुकादमाला विचारलं, “काय चीज हाय ती?” आणि उत्तर यायच्या आत बोली लावली. शेवटी टाळ्या वाजल्या, योसेफनं वाकून नमस्कार केला आणि सायलेन्सर जीपमध्ये बसून भीमेपलीकडं गेला.

“दोन दिवसांत दुसरा करीन, असं वाटलं होतं मला,” योसेफ आता म्हणाला. “जुन्यावरून माप घेतलं असतं, पण तो हिनं भंगारात घातला.”

“माप लिहून नव्हतं ठेवलं?” फेथनं विचारलं.

“आतलं सगळं माझ्या डोक्यात आहे. बाहेरचं वळण तेवढं...”

“बाहेरचं वळण तुम्हाला कधीच नव्हतं,” दबोरा म्हणाली आणि गॅस बंद केला. “चला. गाडी काढा. मी येते.”

“तू कशाला?”

“तुम्ही एकटे गेलात तर आणखी काहीतरी देऊन याल.”

न्हावऱ्यावरून, पूल ओलांडून ते दुपारी राहूला पोचले. आनंदरावांच्या ओसरीवर पाय ठेवला आणि योसेफ जागीच थांबला. दाराच्या चौकटीवर, जत्रांमध्ये जिंकलेल्या, शेंड्यांसकट टांगलेल्या नारळांच्या रांगेत, सायलेन्सर टांगलेला होता. त्याला झेंडूचा हार होता. दोन्ही तोंडांना हळदकुंकू लावलेलं होतं.

“या, साहेब, या!” आनंदराव म्हणाले. “बघा, कसा शोभतोय. जीपला बसवनार हुतो, पर म्हनलं मानाची वस्तू धुरात कशाला घालायची?”

योसेफनं घसा साफ केला आणि सांगितलं. सांगताना त्यानं स्वतःचा सन्मान राखायचा बराच प्रयत्न केला. विलायत, नमुना, गुणवत्ता असे शब्द वापरले. दबोरानं ते एका वाक्यात आटपलं. “आप्पा, चुकून दिलाय. परत पाहिजे. तुमचे पैसे चर्चकडून आणून देतो.”

आनंदरावांचा चेहरा उतरला. “ताई, पैशाचं न्हाई ओ. लिलावात घेतलेला मान परत देत्यात का कुठं? खुटबावच्या जत्रंतला नारळ बघा त्यो. आमच्या चुलत्यानं मागितला, पाया पडला. दिला न्हाई. बोलत न्हाई आता आमच्याशी. आन् आज हे दिलं तर गाव म्हनंल, आनंदरावाला झेपलं न्हाई.”

“मग निदान माप घेऊ द्या. दोन दिवस घेऊन जातो, परत आणून टांगतो,” योसेफ म्हणाला.

“दारावरनं हलवायचं न्हाई. माप घ्यायचं तर हितं घ्या. करायचं तर हितं करा, म्या नको म्हनतोय व्हय?”

योसेफ हसला. एम.डी.नं कुणाच्या ओसरीवर बसून काम करायचं, ही कल्पनाच त्याला विनोदी वाटली. तेवढ्यात आनंदरावांची बायको साळूबाई चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला आणि दबोराकडं बघून म्हणाली, “गुऱ्हाळ मोकळंच पडलंय की. ऊस समदा कारखान्याला जातोय. चला बाई, दावते.”

दोघी बांधावरून गेल्या. गुऱ्हाळ म्हणजे पत्र्याची लांबरुंद शेड, उंच धुराडं, जमिनीत बांधलेलं चुलाण आणि त्यावर रस उकळायची काहील, एवढी मोठी की तिच्यात दबोराचं न्हाणीघर मावलं असतं. कोपऱ्यात चार माणसं सतरंजीवर पत्ते खेळत होती. बाईमाणूस आलेलं बघून त्यांनी पत्ते मांडीखाली घातले.

“ह्ये,” साळूबाई म्हणाली. “रोज सकाळधरनं. ह्यांचे सोबती. च्या माझा, साखर माझी. शेडला काम आलं तर उठतील, न्हाईतर माझ्या मरनापोतर उठायचे न्हाईत.”

दबोरा काहिलीच्या काठावरून हात फिरवत होती. “यात वाळू किती भाजता येईल हो?”

“वाळू?” साळूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. “तुम्ही घरात वाळू भाजता?”

“कढईत.”

“अगं बाई,” साळूबाई म्हणाली. दबोराला वाटलं, इतक्या वर्षांत आपल्या संसारावर कुणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

योसेफला काही इलाजच राहिला नाही. कुरिअर शुक्रवारी येणार होता. तो मुक्कामाचं सामान आणायला शिरूरला आला, गॅसची नळकांडी आणि हत्यारं घेऊन पुन्हा राहूला गेला. ओसरीवर स्टुलावर उभं राहून त्यानं हाराखालून माप घेतलं. आनंदराव खाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “विलायतेचा माल आपल्या दारात बनतोय.” पत्ते खेळणाऱ्या चौघांना चुलाणात जाळ घालायला आणि वाळू हलवायला लावलं. पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यातले दोघं आलेच नाहीत. साळूबाईनं त्या दिवशी उरलेल्या दोघांना स्वतःहून चहा दिला.

शिरूरच्या घरात मात्र चमत्कार झाला होता. कशाचा आवाज नव्हता. दबोरानं कढई चिंचेनं घासली, राखेनं घासली, उन्हात ठेवली, पुन्हा घासली. मग तिच्यात तेल घालून बघायला म्हणून चार पुऱ्या तळल्या. इवाबाईंनी एक चावून बघितली. कचकच आली नाही. त्यांनी दुसरी घेतली.

“डॉक्टरांना दाखवायला हवी,” त्या म्हणाल्या. “ही पूर्ण बरी झालीय.”

नवा सॅम्पल शुक्रवारी राहूहूनच कुरिअरनं गेला; निघताना आनंदरावांनी त्याच्याही तोंडांना हळद लावली. पुढच्या बुधवारी इंग्लंडहून उत्तर आलं, फेथनं ते जेवणाआधी वाचून दाखवलं. सॅम्पल पसंत होता. ऑर्डर मोठी होती. फक्त त्या माणसानं विचारलं होतं की तोंडांना चिकटलेली पिवळी पूड म्हणजे गंजाविरुद्धचं काही खास लेपन आहे का.

“हो म्हणून कळव,” योसेफ म्हणाला. तो परतल्यापासून छाती पुढं काढून चालत होता. “बघितलंस दबोरा? शब्द दिला होता. आता असं करू. शेड बघायला वेळ लागेल, एमआयडीसीत भाव फार आहेत. तोवर नळ्या वाकवायचं टेबल स्वयंपाकघरात घ्यायचं. फ्रिज पुढच्या खोलीत, आईच्या बाजेशेजारी. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. आणि वाळू थोडी जास्त लागेल रोज.”

दबोरानं ताटं मांडली. इवाबाईंना वाढलं, फेथला वाढलं, योसेफला वाढलं. स्वतःचं ताट घेऊन बसली.

“सोमवारी टेम्पो येतोय,” ती म्हणाली. “नळ्या, पत्रे, पोती, ऐरण, सगळं गुऱ्हाळात जाणार. साळूबाईशी बोलणं झालंय. पाटीही जाईल, तिकडं रस्त्याकडेला भिंत मोठी आहे.”

“राहूला? एक्सपोर्टचा धंदा गुऱ्हाळात? लोक काय म्हणतील?”

“आणि हा रोज जाणार कसा एवढं लांब?” इवाबाईंनी विचारलं.

“सकाळच्या एसटीनं. डबा मी देईन.” दबोरानं वरणात भात कालवला. “कढई इथं राहील. वाळू आजपासून बंद.”