पाचव्या जागेचा खासदार

फेस्टस लॅव्हेलला आमच्या गावात एकही शत्रू नव्हता. शत्रू मिळायला माणसाला स्वतःचं काही मत लागतं. हा खाटीक गिऱ्हाइकालाही हो म्हणायचा, पाद्रीबाबांनाही, आणि पाद्रीबाबांना शिव्या घालणाऱ्यालाही.

तेव्हा आमच्या भागातून पाच खासदार डब्लिनला, आयर्लंडच्या संसदेत जात. मतपत्रिकेवर आम्ही एक, दोन, तीन असे पसंतीचे नंबर घालायचो. एखादा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जायची. फेस्टसला एक नंबर देणारे थोडेच. दोन-तीन मात्र सगळेच देत, कारण तो कुणाला खुपत नसे. बाकीचे गळत गेले की त्यांचं उरलंसुरलं याच्या पदरात पडे आणि शेवटची, पाचवी जागा याला मिळे. असा तो तीनदा निवडून आला. देशासाठी त्याने काय केलं म्हणाल, तर झाडून सगळ्या मयतींना गेला.

मग त्याच्याच पक्षाने मतदारसंघ लहान करायचे ठरवले. पाच जागा असल्या की सहाव्या हिश्श्याएवढ्या मतांवर माणूस निवडून येतो; तीन केल्या की पाव हिस्सा लागतो आणि छोटे पक्ष बाहेर राहतात. आमच्या वाट्याला तीन येणार होत्या.

त्याची बायको डिंफना दुकानात सॉसेज भरत होती. मी गिऱ्हाईक म्हणून उभा होतो.

"दर वेळी पाचवा कोण येतो रे?" तिने फेस्टसला विचारलं.

"मी."

"मग तीन जागांत पाचवा बसणार कुठे?"

"पक्षाने बघितलं असेल की ते."

आणि या गृहस्थाने सभागृहात त्या बदलाच्या बाजूने हात वर केला. वर गावात येऊन स्थिर सरकारवर भाषणही ठोकलं.

निवडणुकीत एक नंबर कमी पडून तो मोजणीच्या दुसऱ्याच फेरीत बाद झाला. त्याचे सगळे दोन नंबर अजून शर्यतीत असलेल्यांच्या गठ्ठ्यांत अडकून पडलेले. मोजणीच्या हॉलबाहेर लोक एकेक करून त्याला भेटले.

"मी तुला दोन नंबर दिला होता, फेस्टस," गुरांचा डॉक्टर म्हणाला. फेस्टसचा सख्खा भाऊ कोलमनही तेच म्हणाला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. फेस्टसने प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानले.

"माणसं किती चांगली आहेत बघ," तो मला म्हणाला. मी मान फिरवली. दया आली म्हणून नव्हे. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

घरी डिंफनाने चहा ओतला. "मी तुला एक नंबर दिला. देताना लाज वाटली."

"तुझंही बरोबर आहे," फेस्टस म्हणाला.

महिन्याभरात तिने दुकानावरची त्याची पाटी पुसून आपलं माहेरचं नाव रंगवून घेतलं. रंगारी वर चढला तेव्हा शिडी फेस्टसने धरली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, की अक्षर छान आलंय.